भाड्याच्या जागेचा खर्च : सॉफ्टवेअर चुकतं की आपण?

आपल्यातले बरेच तरुण आता दोघे-चौघे एकत्र येऊन भागीदारीत व्यवसाय करू लागले आहेत. आमचीही अशीच चौघांची भागीदारी संस्था आहे, छपाईची. कर्ज काढून दुमजली जागा घेतली, खाली छपाई सुरू केली आणि वरचा मजला शिकवणीवर्गाला भाड्याने दिला. पहिल्या वर्षी प्राप्तिकराचं विवरणपत्र भरायला बसलो आणि अडलो. गळतीची डागडुजी, रंगरंगोटी, विमा, दलाली या सगळ्यांच्या पावत्या हातात होत्या, पण आयटीआर-५ च्या सॉफ्टवेअरमध्ये भाड्याच्या पानावर त्या दाखवायला रकानाच सापडेना. उलट ३० टक्क्यांचा एक आकडा आपोआप येऊन बसला. सॉफ्टवेअर बिघडलं असंच आम्हाला वाटलं.

नंतर कळलं की तो रकाना कायद्यातच नाही.

कायदा काय म्हणतो?

१९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात स्वतःच्या मालकीच्या इमारतीचं भाडं साधारणपणे ‘घरमालमत्तेपासूनचं उत्पन्न’ या शीर्षाखाली येतं. जागा दुकानाची असो वा राहण्याची, नाव ‘घरमालमत्ता’च. इथे तीनच गोष्टी वजा होतात. पहिली, त्या वर्षात मालकाने प्रत्यक्ष भरलेली घरपट्टी. थकलेली घरपट्टी चालत नाही. दुसरी, कलम २४(अ) प्रमाणे उरलेल्या रकमेच्या सरसकट ३० टक्के. तिसरी, कलम २४(ब) प्रमाणे त्या जागेच्या कर्जावरचं व्याज. दुरुस्ती, विमा, दलाली, वॉचमनचा पगार हे सगळं त्या ३० टक्क्यांतच आलं. खर्च दहा हजार होवो की दोन लाख, वजावट तेवढीच. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा लागू झाल्यावर कलमांचे क्रमांक बदलतात, ३० टक्क्यांचा नियम मात्र तोच राहतो.

समजा वरच्या मजल्याचं भाडं महिना ३०,००० रुपये, म्हणजे वर्षाला ३,६०,०००. त्या मजल्याच्या वाट्याची घरपट्टी २०,००० भरली. उरले ३,४०,०००. त्याचे ३० टक्के १,०२,०००. व्याज ९०,०००. करपात्र रक्कम १,४८,०००. डागडुजी आणि बाकीचा खर्च ६५,००० झाला, तरी तो वेगळा धरायचा नाही.

घरपट्टी आणि व्याज ‘त्या मजल्याच्या वाट्याचं’ म्हणण्याला कारण आहे. खालच्या मजल्यावर आपलाच धंदा चालतो, त्यामुळे तिथलं व्याज, दुरुस्ती आणि घसारा हा धंद्याचा खर्च. वरच्या मजल्यावर घसारा मिळत नाही. ही वाटणी सॉफ्टवेअर करून देत नाही, ती आपणच कागदावर करून ठेवायची.

खरी चूक इथे होते

आपला हिशोबनीस भाडं आणि त्यावरचा सगळा खर्च नफा-तोटा पत्रकात लिहितो. वह्यांसाठी ते बरोबरच आहे. वरच्या उदाहरणात पत्रकात भाडं ३,६०,००० जमा आणि घरपट्टी, व्याज, इतर खर्च मिळून १,७५,००० नावे, म्हणजे नफ्यात १,८५,००० ची भर. आता तेच भाडं घरमालमत्तेच्या अनुसूचीतही भरलं, तर १,८५,००० आणि १,४८,००० या दोन्हींवर कर लागतो. भागीदारी संस्थेला करमुक्त मर्यादा नाही. पहिल्या रुपयापासून ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे ३१.२ टक्के. या एका चुकीने ५७,७२० रुपये जादा जातात.

उलटी चूकही होते. भाडं धंद्याच्या उत्पन्नातून काढलं, पण खर्च तिथेच राहू दिला. मग १,७५,००० ची वजावट दुसऱ्यांदा घेतली जाते आणि कर ५४,६०० रुपयांनी कमी भरला जातो. हे पकडलं गेलं तर कर आणि व्याज भरावं लागतंच, शिवाय उत्पन्न कमी दाखवल्याबद्दल कराच्या ५० टक्के दंड होऊ शकतो. जाणूनबुजून चुकीचं दाखवलं असं ठरलं तर २०० टक्के.

उपाय धंद्याच्या उत्पन्नाच्या अनुसूचीत, म्हणजे ‘बीपी’मध्ये आहे. पत्रकात जमा असलेलं पण दुसऱ्या शीर्षाखाली येणारं उत्पन्न वजा करायला तिथे एक रकाना आहे आणि दुसऱ्या शीर्षाचा खर्च परत मिळवायला दुसरा. भाडं पहिल्यात आणि त्याचा खर्च दुसऱ्यात, दोन्ही भरायचे. एक भरून दुसरा सोडला तरी विवरणपत्र दाखल होऊ शकतं. दाखल झालं म्हणजे बरोबर आहे, असा अर्थ काढू नका.

भाडं हाच धंदा दाखवला तर?

दुरुस्तीवर मोठा खर्च झाला की हा मोह होतो, कारण धंद्यात प्रत्यक्ष खर्च आणि घसारा मिळतो. भाड्याने देणं हाच मुख्य व्यवसाय असलेल्या चेन्नई प्रॉपर्टीज या कंपनीचं म्हणणं सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये मान्य केलं. पण २०१७ मध्ये मुंबईतल्या राज दादरकर अँड असोसिएट्स या भागीदारी संस्थेचं मान्य केलं नाही. महापालिकेकडून बाजाराची जागा घेऊन ती पुढे इतरांना वापरायला दिल्याचं ते उत्पन्न घरमालमत्तेचंच ठरलं. करारनाम्यात उद्देश लिहिला एवढ्यावर भागत नाही, प्रत्यक्ष व्यवहार पाहिला जातो. आणि २०२४ च्या दुरुस्तीनंतर राहत्या घराचं मालकाला मिळणारं भाडं धंद्याचं उत्पन्न म्हणून दाखवताच येत नाही.

भागीदारांनी काय करायचं?

संस्थेने कर भरल्यावर भागीदाराला मिळालेला नफ्याचा वाटा त्याच्या हातात करमुक्त असतो. तेच भाडं स्वतःच्या विवरणपत्रात पुन्हा दाखवू नका. मात्र वडिलांचं घर भावंडांच्या नावावर आलं आणि ते भाड्याने दिलं, तर ती भागीदारी संस्था होत नाही. वाटे ठरलेले असतील तर प्रत्येकाने आपापला वाटा आपल्या विवरणपत्रात दाखवायचा.

‘दाखल करा’ हे बटण दाबण्यापूर्वी तीन गोष्टी तपासा. भाडं एकाच ठिकाणी मोजलं आहे का? त्याचा खर्च धंद्यातून बाहेर काढला आहे का? भाडेकरूने टीडीएस कापला असेल तर तो त्याच शीर्षासमोर दाखवला आहे का? मुदतीत चूक लक्षात आली तर सुधारित विवरणपत्र भरता येतं.

भांडवल उभं करायला आपल्याला किती वर्षं लागतात हे आपण जाणतो. ते एका रकान्याच्या चुकीपायी घालवू नका. हिशोब सल्लागाराकडे द्या, पण सही करण्याआधी स्वतः वाचा.