गावाने राखलेला संघ

२६ जानेवारी १९९७ रोजी न्यू ऑर्लिन्स येथे ग्रीन बे पॅकर्स या संघाने न्यू इंग्लंड पेट्रियट्सचा ३५-२१ असा पराभव केला आणि अमेरिकन फुटबॉलचे व्यावसायिक अजिंक्यपद एकोणतीस वर्षांनंतर पुन्हा मिळविले. खेळाच्या पानावर अशी बातमी एका दिवसात शिळी होते. परंतु विस्कॉन्सिन राज्यातील ग्रीन बे या गावाची लोकसंख्या त्या वेळी जेमतेम लाखाच्या घरात होती, आणि त्याचा संघ कोणा धनाढ्याच्या मालकीचा नसून सामान्य नागरिकांनी घेतलेल्या भागांवर उभा होता. न्यूयॉर्क-शिकागोसारख्या महानगरांच्या संघांशी असा संघ टक्कर देतो तरी कसा, हा प्रश्न क्रीडारसिकांइतकाच अर्थशास्त्राच्या अभ्यासकांनीही विचारात घेण्यासारखा आहे.

हा फुटबॉल आपल्या परिचयाचा नव्हे. शंभर यार्डांच्या मैदानावर लंबगोल चेंडू हाती घेऊन अकरा खेळाडू चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकण्याची धडपड करतात आणि प्रतिपक्ष त्यांना आडवा येतो. आक्रमणाचे आणि बचावाचे खेळाडू वेगळे, दुखापती नित्याच्या. त्यामुळे संघ मोठा बाळगावा लागतो आणि खर्चही मोठा होतो.

तेरा विजयांचा हंगाम

१९९६ च्या हंगामात पॅकर्सनी सोळापैकी तेरा सामने जिंकले. प्रारंभ मात्र निश्चिंतीचा नव्हता. प्रमुख खेळाडू ब्रेट फार्व्ह वेदनाशामक गोळ्यांच्या व्यसनातून मुक्त होण्यासाठी त्याच वर्षी उपचार घेऊन परतला होता. हंगामाच्या मध्यास दुखापतींनी आक्रमणाची फळी खिळखिळी झाली आणि लागोपाठ दोन पराभव पदरी पडले. त्यानंतर मात्र संघ एकदाही हरला नाही. तीस संघांत सर्वाधिक गुण (४५६) त्याने मिळविले आणि सर्वांत कमी (२१०) दिले. अंतिम सामन्यात प्रतिस्पर्धी २७-२१ असे जवळ आले असताना डेस्मंड हॉवर्डने चेंडू ९९ यार्ड धावत नेला आणि निकाल ठरवून टाकला. विन्स लोम्बार्डी या थोर प्रशिक्षकाच्या नावाचा करंडक, त्याने ज्या गावात कीर्ती मिळविली, त्या गावी परत आला.

या यशाचे श्रेय खेळाडूंना आणि प्रशिक्षक माइक होल्मग्रेन यांना आहेच. परंतु १९६८ ते १९९१ या काळात केवळ दोनदा बाद फेरी गाठणारा हा संघ एवढी वर्षे तगून राहिला, गाव सोडून गेला नाही, याचे कारण मैदानाबाहेर शोधावे लागते.

मालकी आणि वाटणी

१९१९ मध्ये स्थापन झालेला हा संघ १९२३ मध्ये आर्थिक अडचणीत आला, तेव्हा पाच डॉलरचा एक याप्रमाणे हजार भाग गावकऱ्यांना विकण्यात आले. १९३५ आणि १९५० मध्येही संकटसमयी हीच वाट धरली गेली. या भागांवर लाभांश मिळत नाही, ते बाजारात विकता येत नाहीत, आणि कोणा एकाच्या हाती नियंत्रण जाऊ नये म्हणून भागधारणेवर मर्यादा आहे. संघ विकल्यास येणारा पैसाही भागधारकांना न मिळता धर्मादाय कार्याला जाईल, अशी तरतूद आहे. विकून कोणाचाच फायदा नाही, म्हणून विकण्याचा मोहही नाही.

मालकीने संघ गावात राहिला. पण तो लढू शकला वाटणीमुळे. १९६१ मध्ये अमेरिकन काँग्रेसने कायदा करून दूरचित्रवाणीचे हक्क एकत्रितपणे विकण्याची मुभा संघांच्या महामंडळाला दिली, आणि ते उत्पन्न सर्व संघांत समान वाटले जाऊ लागले. तळाच्या संघाला नव्या खेळाडूंच्या निवडीत पहिला मान देण्याची प्रथा १९३६ पासूनची. एकूण वेतनखर्चावरील मर्यादा १९९४ पासूनची. यात परोपकार मुळीच नाही. या धंद्यातील माल म्हणजे चुरस; आणि प्रतिस्पर्धी दुबळा झाला तर बलवानाचाही माल खपत नाही, एवढा हा साधा हिशेब आहे.

याची दुसरी बाजू त्याच हंगामाने दाखविली. ग्रीन बेच्या सुमारे पाचपट वस्तीचे क्लीव्हलँड १९९६ मध्ये संघाविना राहिले. दूरचित्रवाणीचे उत्पन्न समान वाटले जात असले, तरी क्रीडागारातील आलिशान कक्षांचे उत्पन्न वाटावे लागत नव्हते. बाल्टिमोरने सरकारी खर्चाने नवे क्रीडागार देऊ केले आणि मालक आर्ट मोडेल संघ घेऊन तिकडे गेले. क्लीव्हलँडच्या प्रेक्षकांची निष्ठा ग्रीन बेच्या लोकांपेक्षा कमी नव्हती. त्यांच्या हाती मालकी नव्हती, एवढेच.

अर्थात ग्रीन बेची व्यवस्था निर्दोष आहे असे नव्हे. अजिंक्यपदानंतर दोनशे डॉलरचा एक याप्रमाणे सुमारे १ लाख २० हजार भाग विकले गेले. जो भाग कधी काही देणार नाही, त्याला गुंतवणूक म्हणण्यापेक्षा देणगी म्हणणे अधिक योग्य. शिवाय क्रीडागाराच्या नूतनीकरणासाठी २००० साली मतदारांनी अर्धा टक्का विक्रीकर मान्य केला. तो खेळात रस नसणाऱ्यांनाही २०१५ पर्यंत भरावा लागला. मात्र या संघाचे वार्षिक हिशेब प्रसिद्ध होतात. खासगी मालकांचे संघ जनतेकडून क्रीडागार मागतात, पण वह्या उघडीत नाहीत.

आज पॅकर्सच्या भागधारकांची संख्या पाच लाखांहून अधिक आहे. तथापि महामंडळाच्या नियमानुसार दुसऱ्या कोणत्याही गावाला अशी मालकी स्वीकारता येत नाही. ग्रीन बे हा जुना म्हणून चालू ठेवलेला एकमेव अपवाद आहे. उत्पन्नाची समान वाटणी मालकांनी आनंदाने पत्करली, कारण तिने त्यांचा धंदा वाढला. मालकीची वाटणी मात्र त्यांनी नियमानेच बंद केली. संघ दुसरीकडे नेण्याची धमकी देऊन करदात्यांकडून क्रीडागार मिळविण्याची सोय तीमुळे संपली असती, हे ध्यानात घेतले म्हणजे या नियमामागील हेतूविषयी फारशी शंका उरत नाही.