ताऱ्यांचा जन्म : चित्रात काय दिसते, काय नाही

गैरसमज : जेम्स वेब दुर्बिणीची छायाचित्रे संगणकावर रंगवलेली असतात, म्हणजे ती खोटीच.

वस्तुस्थिती : रंग नंतर चढवलेले असतात, हे खरे आहे. वेब टिपते तो बहुतेक प्रकाश अवरक्त असतो, तो आपल्या डोळ्यांना दिसतच नाही. प्रत्येक फिल्टरमधून एक वेगळी कृष्णधवल प्रतिमा मिळते. मग त्यातल्या सर्वांत लांब तरंगलांबीला लाल आणि सर्वांत आखूड तरंगलांबीला निळा रंग दिला जातो. रंगांचा हा क्रम ठरलेला असतो. कोणता तारा कुठे आहे, धूळ कुठे दाट आहे, कोणता ठिपका किती तेजस्वी आहे, हे सगळे मोजलेले असते. त्यात रंगवणाऱ्याची मर्जी चालत नाही. १२ जुलै २०२२ रोजी प्रसिद्ध झालेले कॅरिना तेजोमेघातील ‘कड्यां’चे चित्र म्हणूनच शास्त्रज्ञांना मोजमापासाठी वापरता येते. ठळक ताऱ्यांभोवतीचे आठ काटे मात्र ताऱ्यांचे नव्हेत. ते दुर्बिणीच्या षटकोनी आरशांमुळे आणि दुय्यम आरसा धरून ठेवणाऱ्या दांड्यांमुळे उमटतात.

गैरसमज : वेब म्हणजे नुसती मोठी हबल.

वस्तुस्थिती : हबल या जुन्या अवकाश दुर्बिणीचा आरसा २.४ मीटरचा, वेबचा ६.५ मीटरचा, हा फरक मोठाच आहे. पण ताऱ्यांच्या जन्माच्या अभ्यासात खरा फरक पडला तो अवरक्त प्रकाशामुळे. तारे धुळीच्या पोटात जन्मतात. धुळीचे सूक्ष्म कण दृश्य प्रकाश अडवतात आणि विखुरतात, लांब तरंगलांबीचा अवरक्त प्रकाश मात्र त्यांच्यामधून बराचसा निसटतो. सुमारे ६,५०० प्रकाशवर्षे दूर असलेल्या गरुड तेजोमेघातील स्तंभ हबलने १९९५ मध्ये टिपले, तेव्हा ते काळेकभिन्न आणि भरीव दिसले होते. वेबच्या २०२२ मधल्या चित्रात तेच स्तंभ झिरझिरीत दिसतात आणि त्यांच्या कडांवर कोवळे लालसर तारे मोजता येतात. यासाठी दुर्बीण स्वतः कमालीची थंड असावी लागते, नाहीतर तिचीच उष्णता चित्रात उतरेल. म्हणून वेब पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटर दूर, पाच पदरी सूर्यढालीच्या सावलीत ठेवली आहे. तिचे एक उपकरण तर उणे २६६ अंश सेल्सिअसपर्यंत थंड करावे लागते.

हे स्तंभ पाहून तिथे दाट धूर कोंडला असेल असे वाटते. तसे नाही. आपल्या खोलीतल्या हवेच्या एका घन सेंटीमीटरमध्ये असलेल्या रेणूंची संख्या लिहायला एकावर एकोणीस शून्ये लागतात. तारे घडवणाऱ्या दाट गाभ्यात तेवढ्याच जागेत फार तर काही लाख रेणू असतात. तरी तो गाभा काळा दिसतो, कारण त्याची जाडी लाखो कोटी किलोमीटर असते.

गैरसमज : या दुर्बिणींतून आपण ताऱ्याचा जन्म घडताना पाहतो.

वस्तुस्थिती : सूर्यासारखा तारा स्थिरावायला सुमारे पाच कोटी वर्षे लागतात, तेव्हा एकाच ताऱ्याचा जन्म सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहणे कुणालाच शक्य नाही. शास्त्रज्ञ वेगवेगळ्या वयांचे तारे शोधून त्यांची संगती लावतात. वृषभ राशीच्या दिशेला वेबने टिपलेला एल१५२७ हा भ्रूणतारा जेमतेम एक लाख वर्षांचा आहे. मृग नक्षत्रातील तेजोमेघात हबलला १९९० च्या दशकात नवजात ताऱ्यांभोवती धुळीच्या तबकड्या सापडल्या. तो तेजोमेघ १,३५० प्रकाशवर्षे दूर आहे. म्हणजे आज आपल्याला दिसतो तो त्याचा प्रकाश बदामीच्या चालुक्यांच्या काळात निघालेला आहे. काही गोष्टी मात्र आपल्या हयातीतही बदलताना दिसतात. कोवळ्या ताऱ्यांच्या ध्रुवांकडून सुटणारे वायूचे झोत पुढे सरकताना हबलच्या १४ वर्षांच्या प्रतिमा जोडून पाहता आले. मला ही दृश्ये कोणत्याही रंगीत चित्रापेक्षा मोलाची वाटतात.

गैरसमज : आधी तारा पूर्ण होतो, मग उरलेल्या मालातून ग्रह बनतात.

वस्तुस्थिती : या समजाला मोठा धक्का अवकाशातल्या नव्हे, जमिनीवरच्या दुर्बिणीने दिला. चिलीतल्या अटाकामा वाळवंटातील ‘अल्मा’ने २०१४ मध्ये एचएल टॉरी या सुमारे दहा लाख वर्षे वयाच्या ताऱ्याभोवती सुबक कडी आणि मोकळ्या पट्ट्या दाखवल्या. अशा पट्ट्या घडत्या ग्रहांच्या खुणा असू शकतात, आणि इतक्या लवकर हे घडत असेल असे फारसे कुणाला वाटले नव्हते. २०२५ मध्ये वेब आणि अल्मा यांनी मिळून होप्स-३१५ या भ्रूणताऱ्याजवळ तप्त वायूतून खनिजांचे पहिले घन कण गोठताना टिपले. आपल्या सूर्यमालेतील उल्कापाषाणांत सापडणारे सर्वांत जुने कणही अशाच रीतीने बनले असावेत.

मोकळी पट्टी दिसली म्हणजे ग्रह सापडला, असा अर्थ मात्र काढू नये. वायूचे प्रवाह आणि चुंबकीय क्षेत्रेही अशा पट्ट्या घडवू शकतात. पीडीएस ७० या ३७० प्रकाशवर्षे दूरच्या ताऱ्याभोवतीच्या तबकडीतील पोकळीत २०१८ आणि २०१९ मध्ये दोन ग्रह प्रत्यक्ष सापडले. २०२३ मध्ये वेबला त्याच तबकडीच्या आतल्या भागात पाण्याची वाफही आढळली. इतका स्पष्ट पुरावा फार थोड्या ठिकाणी मिळाला आहे. म्हणून घडत्या ग्रहाची बातमी वाचाल तेव्हा ग्रह दिसला आहे की नुसती पट्टी, एवढे जरूर तपासा.