संगणकाला पाणी पाजण्याआधी

मराठीत एखाद्याला 'पाणी पाजणे' म्हणजे त्याला हरवणे. लोहार पोलादाला 'पाणी देतो' तेव्हा मात्र ते कणखर होते. संगणकात पाणी फिरवण्याच्या हौसेला हे दोन्ही अर्थ लागू पडतात. बेत नीट आखला तर यंत्र थंड डोक्याने काम करते. घाई केली तर एका सैल जोडापायी मदरबोर्ड कायमचा मुका होतो. म्हणून आज थोडे पाणी भरण्याआधीच्या तयारीविषयी बोलू.

कविता लिहिणाऱ्याने या भानगडीत का पडावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर वागळे इस्टेटमध्ये आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले आणि ठाण्याची ही वसाहत त्याच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींपैकी एक. बी. ए. झाल्यावर मी इथल्याच एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये नोकरीला लागलो. लेथ चालू असताना टूलच्या टोकावर दुधासारख्या पांढऱ्या कूलंटची धार सोडलेली असते, ती मी वर्षानुवर्षे पाहिली. ती धार थांबली की टूल तापते आणि बोथट होते. पुढे कित्येक कारखाने गेले, त्यांच्या जागी काचेच्या इमारती आल्या. पण गाळ्यांतली कामे अजून चालतात. अशाच एका गाळ्यासाठी माझा भाचा संगणकावर साच्यांची त्रिमिती चित्रे तयार करतो. दिवसभर चित्र रचायचे आणि रात्रभर संगणकाने ते रंगवून पूर्ण करायचे, असा त्याचा क्रम. एक दिवस तो म्हणाला, "मामू, प्रोसेसर ओव्हरक्लॉक करतो. वॉटर कूलिंग बसवतो. चाळीस हजार जमलेत." ज्या यंत्रावर घर चालते त्यातच हा पाण्याचा प्रयोग होता. मी म्हटले, "आधी एक कागद घे."

त्या कागदावर चार प्रश्न लिहिले. उष्णता किती होणार? ती जाणार कुठे? पाणी गळले तर काय? आणि एवढे करून हाती काय लागणार?

पहिला प्रश्न उष्णतेचा. प्रोसेसरच्या आत एक घड्याळ असते. चार गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला चार अब्ज ठोके. कंपनीने ठरवलेल्या ठोक्यांपेक्षा जास्त ठोके पाडायला लावणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. १९९८ साली इंटेलच्या सेलेरॉन ३००ए या स्वस्त प्रोसेसरने या छंदाला मोठी चालना दिली. मदरबोर्डवरचा ६६ चा वेग १०० केला की ३०० मेगाहर्ट्झचा तो प्रोसेसर पुष्कळदा ४५० वर बिनतक्रार धावे. आजचे प्रोसेसर मात्र वाव असेल तेव्हा आपणहून वेग वाढवतात, त्यामुळे आपल्यासाठी फारसे काही शिल्लक राहत नाही. शिवाय सगळे प्रोसेसर असा बदल करू देत नाहीत, आणि केला तर वॉरंटीवर पाणी सोडावे लागू शकते.

वाढीव वेगासाठी बहुधा व्होल्टेजही वाढवावे लागते, आणि खरी मेख तिथेच आहे. उष्णता वेगाच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. दोन्ही दहा टक्क्यांनी वाढवा. उष्णता सुमारे ३३ टक्क्यांनी वाढते. म्हणजे १५० वॉटचा प्रोसेसर २०० वॉटवर जातो. ग्राफिक्स कार्डाचे ३०० वॉट धरले तर कागदावर ५०० वॉटचा आकडा आला.

दुसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा: ही उष्णता जाणार कुठे? पाणी उष्णता नाहीशी करत नाही, ते फक्त हमाल आहे. हमाल तगडा आहे, यात शंका नाही. तापमान एका अंशाने वाढताना पाणी तेवढ्याच आकारमानाच्या हवेच्या जवळजवळ साडेतीन हजार पट उष्णता उचलते. म्हणून मोठ्या संगणकांना १९६० च्या दशकापासूनच पाण्याची सोबत आहे. पुण्यात आयसर संस्थेतला परम ब्रह्म हा महासंगणक पाहा. सी-डॅकने राष्ट्रीय महासंगणक अभियानात उभारलेल्या या यंत्रात द्रव थेट चिपच्या डोक्यापर्यंत नेलेला आहे.

घरच्या संगणकात हीच रचना लहान रूपात असते. प्रोसेसरवर तांब्याचा एक पोकळ ठोकळा बसतो, तो वॉटर ब्लॉक. त्याच्या आतल्या बारीक खाचांतून पाणी जाते, उष्णता घेते, नळीतून रेडिएटरकडे येते. तिथे पातळ पात्यांवरून पंखा हवा फेकतो आणि निवलेले पाणी पंपामार्फत परत फिरते. मोटारीच्या इंजिनाचेच हे धाकटे भावंड. नवख्यांना चिंता असते की आधी रेडिएटर जोडावा की ब्लॉक. फार विचार करू नये. मिनिटाला चार लिटर पाणी फिरत असेल तर सुमारे २८० वॉट उष्णता त्याला जेमतेम एक अंशाने तापवते. क्रमाने फरक पडतो तो एवढाच. एकच पथ्य कडक पाळायचे: पाण्याची टाकी पंपाच्या आधी आणि त्याच्यापेक्षा वर हवी, कारण कोरडा चाललेला पंप लवकर मरतो.

आता मंडळी, माठ आणि रेडिएटर यांत गल्लत करू नका. माठातले पाणी झिरपून वाफ होते, म्हणून ते भोवतालच्या हवेपेक्षा गार होते. रेडिएटरमध्ये बाष्पीभवन नाही, त्यामुळे तो खोलीच्या हवेपेक्षा खाली कधीच जाऊ शकत नाही. परदेशी तक्ते वाचताना हे विसरायला होते. तिकडे २१ अंशांच्या खोलीत चिप ६१ अंशांवर राहिली असेल, तर ठाण्यात मे महिन्यात ३५ अंशांच्या खोलीत तीच चिप ७५ च्या आसपास असणार. पाणी हवेपेक्षा दहा अंश वर, चिप पाण्यापेक्षा तीस अंश वर, ही उतरंड तशीच राहते. फक्त पायरी वर सरकते. कित्येक प्रोसेसर ९५ ते १०० अंशांना स्वतःच वेग कमी करतात, तेव्हा आपल्या हाती किती अंश उरले ते मे महिना धरूनच मोजावे.

मग बर्फ टाकला तर? भाच्यानेही हे विचारले. जुलैत आपल्याकडे हवा २९ अंश आणि आर्द्रता ९० टक्के असते, तेव्हा सुमारे २७ अंशांना दव पडते. पाणी त्याहून गार केले की नळ्यांना, ब्लॉकला बाहेरून घाम फुटतो आणि तो थेट मदरबोर्डवर ठिबकतो. एकही जोड न गळता यंत्र भिजते. कोकणपट्टीत बर्फाचा नाद नको.

रेडिएटरचा ढोबळ आडाखा असा की १२० मिलिमीटरच्या एका पंख्यामागे १०० ते १५० वॉट. आपली हवा गरम, म्हणून १०० धरावे. ५०० वॉटला पाच पंखे. म्हणजे एक ३६० चा आणि एक २४० चा रेडिएटर. तो कॅबिनेटमध्ये मावतो का, हे टेप लावून मोजावे. आणि ही सगळी उष्णता शेवटी खोलीतच येते, हे लक्षात ठेवावे. एक टनाचा एसी सुमारे साडेतीन हजार वॉट उष्णता बाहेर काढतो. त्याचा सातवा हिस्सा हा एकटा संगणक खाणार. रोज आठ तास चालला तर ५०० वॉटचे चार युनिट होतात, ते वेगळेच.

तिसरा प्रश्न गळतीचा. तांब्याचा ब्लॉक आणि ॲल्युमिनियमचा रेडिएटर एकाच पाण्यात जोडू नये. दोन धातू आणि मधे पाणी म्हणजे जवळजवळ बॅटरीच. त्यात ॲल्युमिनियम झिजत जाते. नळाचे पाणी भरू नये, क्षार बसतात. ऊर्धपातित पाणी घ्यावे आणि त्यात शेवाळ व गंज रोखणारे द्रव्य घालावे, किंवा तयार कूलंट आणावा. सुरुवातीला शुद्ध पाण्यातून वीज फारशी वाहत नाही. पण धातूंच्या संगतीत ते हळूहळू वाहक बनते, म्हणून त्या भरवशावर राहू नये. पहिल्यांदा पाणी भरल्यावर फक्त पंपाला वीज द्यावी, बाकी सगळे बंद. प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर ठेवून चोवीस तास पाहावे. कागद कोरडा राहिला तरच पुढे जावे. एवढा उपद्व्याप नको असेल त्यांच्यासाठी कारखान्यातूनच भरून येणारे बंद संच मिळतात. ते बसवायला सोपे. मात्र पंप बिघडला की बहुधा अख्खा संच बदलावा लागतो.

चौथा प्रश्न, हाती काय लागणार? भाच्याने आहे त्याच पंख्यावर थोडा वेग वाढवून मोजले. भरवशाने टिकली ती सहा टक्के वाढ. म्हणजे रात्रीचे नऊ तासांचे काम साडेआठ तासांत. गाळा तर सकाळीच उघडतो, त्या अर्ध्या तासाचा काही उपयोग नाही. पण कागद बघताना दुसरीच गोष्ट पुढे आली. दहा बाय बाराच्या त्या खोलीत त्याची अम्मी, माझी बहीण, संगणकापासून सहा फुटांवर झोपते, आणि रात्रभर पंख्यांची घरघर चालू असते. मोठा रेडिएटर असेल तर पंखे सावकाश फिरूनही भागते. पाण्याकडून त्याला हवा होता वेग. खरी गरज होती शांततेची.

शेवटी त्याने प्रोसेसरचा वेग मूळचाच ठेवला, ३६० चा बंद संच घेतला आणि उरलेल्या पैशांत यूपीएस व कामाची दुसरी प्रत ठेवायला डिस्क आणली. हौस सोडली नाही. घरात पडून असलेला जुना संगणक त्याने ओव्हरक्लॉकिंगच्या प्रयोगांना दिला. तो बिघडला तर पोट अडत नाही.

तुमच्या घरातले कोणी मूल हा नाद घेऊन आले तर त्याला झिडकारू नका. या छंदात भौतिकशास्त्र आहे, रसायन आहे, फिटरचे हात आहेत. फक्त पाण्याआधी कागद, हा क्रम त्याला समजावून सांगा. चार प्रश्नांची उत्तरे आकड्यांत लिहून झाली की मग दुकानात जावे. कोणाला वेग हवा असेल, कोणाला शांतता, कोणाला नुसता हाताने काही घडवल्याचा आनंद. तिन्ही कारणे चांगली आहेत. पण रेडिएटर केवढा घ्यायचा, हे त्यातले कोणते तुमचे आहे यावर ठरते.