गिऱ्हाईक पायी येतं

लक्ष्मी रोडवरून दिवसाला किती गाड्या जातात, हे मोजायच्या भानगडीत मी कधी पडले नाही. पण त्यांतल्या एकाही गाडीने आजवर माझ्याकडून बटण घेतलेलं नाही, हे छातीठोकपणे सांगते. गाडीवरचा माणूस दुकान बघत नाही, पुढच्या गाडीचा लाल दिवा बघतो. माझं गिऱ्हाईक पायी येतं, आणि तेही बहुतेक वेळा दुसऱ्याच कशाला तरी म्हणून घरातून निघालेलं असतं.

आमचं दुकान लक्ष्मी रोड आणि तुळशीबाग यांच्या मधल्या एका बोळात आहे. रुंदी आठ फूट. लेस, बटणं, हुक, अस्तर, फॉल, लटकनं, रबरी इलॅस्टिक. सासऱ्यांनी घातलेलं दुकान, आता मी बघते. गावाबाहेर मॉल झाले तेव्हा पेठेतले लोक म्हणाले, आता आपलं संपलं. फोनवर सगळं मिळायला लागलं तेव्हाही म्हणाले. आणि तरी रविवारी संध्याकाळी आमच्या बोळात शिरायचं तर खांदा तिरका करून शिरावं लागतं. हे कसं, असं मला पुष्कळजण विचारतात. पार्किंग नाही, फुटपाथ उखडलेले, वर दुकानदार पुणेरी! मग लोक येतात कशाला?

महापालिकेच्या बैठकांत या प्रश्नाचं उत्तर ‘सुशोभीकरण’ असं असतं. म्हणजे नक्षीचे दिवे, रंगीत फरशी आणि दोन महिन्यांत बंद पडणारं कारंजं. माझं उत्तर वेगळं आहे. एखादं बस्त्याचं बिऱ्हाड आलं की त्याच्या मागे मागे फिरून बघा.

मागच्या लग्नसराईत जुन्नरकडची मंडळी आली होती. नवरी, आई, मावशी, दोन काकू, आणि पिशव्या धरायला आणलेले मामा. सकाळी मोठ्या दुकानात बस्ता बांधला. मग मॅचिंगवाल्याकडून ब्लाउजपीस घेतले आणि साड्या फॉल-पिकोला टाकल्या. तिथल्या माणसाने सांगितलं, दोन तासांनी या. हे दोन तास म्हणजे आमच्या अख्ख्या गल्लीची कमाई. त्या वेळात त्यांनी माझ्याकडून लटकनं आणि जरीची लेस घेतली, तुळशीबागेत बांगड्या आणि मुंडावळ्या घेतल्या, रामाचं दर्शन घेऊन सभामंडपात पाय मोकळे सोडून बसल्या. मामांनी तेवढ्यात पत्रिकांचे नमुने बघायला अप्पा बळवंत चौक गाठला. जाताना मंडईतून गजरे. यातल्या प्रत्येक दुकानाने दुसऱ्याला गिऱ्हाईक दिलं, आणि कुणी कुणाला कमिशन दिलं नाही. मॉलमध्येही शंभर दुकानं असतात, पण तिथे फॉल लावणारा मिळत नाही, कारण त्याच्या धंद्यात मॉलचं भाडं निघत नाही.

नवरीच्या काकूंनी लेस निवडली ती कशी, तेही सांगते. पदराचा रंग होता मोरपिशी, आणि मोरपिशी हा महालबाड रंग. माझ्या दुकानातल्या ट्यूबखाली तो निळा दिसतो, पिवळ्या दिव्याखाली हिरवा. काकूंनी चार रिळं उचलली, “उजेडात बघते हं,” म्हणाल्या आणि पायरी उतरून बोळाच्या मधोमध उभ्या राहिल्या. पदर एका हातात, रीळ दुसऱ्या हातात, मान वाकडी. पलीकडच्या बांगडीवाल्याने न विचारता सल्ला दिला, “डावीकडचं.” रस्त्याने जाणारी एक परकी बाई थांबली, तिने उजवीकडचं म्हटलं. शेवटी दोन्ही घेतली. त्या क्षणी तिथून एखादी मोटरसायकल हॉर्न वाजवत आली असती तर काकू आत पळाल्या असत्या आणि एकही रीळ खपलं नसतं. रस्ता हा माझ्या दुकानाचाच भाग आहे, फक्त त्याचं भाडं मी भरत नाही.

मध्यंतरी वास्तुशास्त्र शिकणाऱ्या काही मुली टेप घेऊन आमच्या भागात आल्या होत्या. दुकानांची दारं मोजत होत्या. मी चहा पाजला, तर त्यांनी मला यान गेल या डॅनिश वास्तुतज्ज्ञाचं म्हणणं समजावून सांगितलं. माणूस ताशी पाच किलोमीटरने चालतो. त्याला चार-पाच सेकंदांनी काहीतरी नवं दिसलं तर चालणं जड होत नाही. म्हणून चांगल्या बाजाररस्त्याला शंभर मीटरमध्ये पंधरा-वीस दारं तरी हवीत. मुलींचा टेप आमच्या बोळात पुरा उलगडायच्या आतच दारांचा आकडा ओलांडला गेला होता. उलट मोठ्या रस्त्यावर जिथे तीन दुकानं पाडून एक लांबलचक काचेची शोरूम झाली आहे, तिथे लोक पाय उचलून पुढे जातात. काच चकचकीत आहे, पण बघायला दोनच पुतळे. चार पावलांत संपतं.

दारं असून भागत नाही, वेळाही भराव्या लागतात. पहाटे मंडई जागी होते. ही मंडई १८८६ साली लॉर्ड रे यांच्या नावाने उभी राहिली. तिच्यावरच्या खर्चाला नगरपालिकेत जोतीराव फुल्यांनी विरोध केला होता, आणि आज ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. भाजीवाल्यांनंतर नोकरदार, मग हुजूरपागेच्या मुली. गणवेशाचं बटण तुटलं हे त्यांना शाळा सुटल्यावरच आठवतं. दुपारी एक ते चारच्या झोपेवर अख्खा महाराष्ट्र विनोद करतो, करू द्या. अलीकडे निम्मी दुकानं दुपारीही उघडी असतात आणि मालक गल्ल्यावरच पेंगतात. संध्याकाळी तुळशीबाग. आणि रात्री? रात्री पूर्वी सिनेमे होते. मंडईपाशी आर्यन आणि मिनर्व्हा ही थिएटरं होती. शेवटचा खेळ सुटेपर्यंत पानवाला, भेळवाला, चहावाला जागे असत, आणि मंडईवरून एकट्या बाईला घरी जायला भीती वाटत नसे. दोन्ही जागांवर आता वाहनतळ आहेत. वाहनतळ हवेतच, मान्य. पण माणसं बसायची तिथे आता मोटारी बसतात आणि नऊनंतर शटरं धडाधड पडतात.

विल्यम व्हाइट नावाच्या अमेरिकन लेखकाने १९७०च्या दशकात न्यूयॉर्कच्या चौकांत कॅमेरे लावून लोक कुठे थांबतात, कुठे बसतात, याचं चित्रीकरण केलं. निष्कर्ष असा की माणसं बसायला जागा असेल तिथे बसतात. यासाठी कॅमेरे कशाला लागले, असं माझ्या मनात आलं. पण मग आमच्याकडे लक्ष गेलं, तर लक्ष्मी रोडवर बसायला जागाच नाही. दुकानाची पायरी मिळाली तर मिळाली, आणि तिच्यावरही काही मालकांनी लोखंडी खिळे ठोकून ठेवलेत. व्हाइट यांचं दुसरं निरीक्षण मला जास्त पटलं. एखाद्या चौकात बायकांचं प्रमाण चांगलं असेल तर ती जागा नीट चालते आहे असं समजावं, कारण बायका जागा पारखून निवडतात. या कसोटीवर तुळशीबाग जगातल्या कुठल्याही चौकाला भारी पडेल. पण त्याच तुळशीबागेत बाईला स्वच्छतागृह शोधायचं तर ओळखीचं दुकान गाठावं लागतं. माझ्या दुकानात ‘जरा येऊ का आत?’ असं विचारणाऱ्या अनोळखी बायका रोज येतात. आत त्यांना देण्यासारखं काही नाही. आम्हीच समोरच्या वाड्यात जातो. खरेदी अर्धी टाकून बाई घरी पळते त्याचं कारण भाव नसतं, हे असतं. कारंज्याच्या पैशात चार चांगली स्वच्छतागृहं होतात, पण त्यांचं उद्घाटन करायला कुणी पुढारी येत नसावा.

आता गाड्यांचं. २०२१पासून महापालिका ११ डिसेंबरला लक्ष्मी रोडचा एक टप्पा वाहनांना बंद ठेवून पादचारी दिन पाळते. बाकडी मांडतात, मुलं रस्त्यावर चित्रं काढतात. आमच्यातले बरेच व्यापारी कुरकुरतात. खरं सांगायचं तर त्या दिवशी माझाही धंदा फार वाढला नाही, लोक फोटो काढायला आले होते. पण वर्षातून एका दिवसावरून काय ठरवणार? कोपनहेगनचा स्ट्रॉयट हा मुख्य बाजाररस्ता १९६२ साली प्रयोग म्हणून गाड्यांना बंद केला, तेव्हा तिथलेही दुकानदार ओरडले होते. आपल्या थंड देशात लोक असे रस्त्यावर रमत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. लोक रमले, आणि रस्ता कायमचा पायी माणसांचा झाला.

तरी सरसकट बंदी नको, असं माझं मत. माल टेम्पोने येतो, हमाल हातगाडी ओढतात, वरच्या मजल्यावर गुडघे गेलेल्या आजी राहतात, त्यांना रिक्षा दाराशी हवी. सकाळी अकरापर्यंत माल उतरवा, मग रात्री नऊपर्यंत रस्ता माणसांना द्या. गिऱ्हाईक येईल का ही भीती मेट्रोने बरीच कमी केली आहे. २०२४च्या सप्टेंबरअखेर मंडईचं भुयारी स्टेशन सुरू झालं, तेव्हापासून पिंपरी-चिंचवडच्या बायका थेट येतात. फरक काय तर त्यांना घाई नसते. स्कूटर कुठेतरी अडकवून आलेल्या बाईचा एक डोळा सारखा घड्याळावर असतो, गाडी उचलून तर नेली नाही ना! मेट्रोतून आलेली बाई चार दुकानं जास्त फिरते.

पथारीवाल्यांचा विषय काढला की आमच्या व्यापारी मंडळींचा पारा चढतो. २०१४च्या कायद्याने त्यांना हक्क दिले, जागा मात्र धड आखून मिळाल्या नाहीत, त्यामुळे अतिक्रमणाची गाडी आली की पळापळ आणि गेली की पुन्हा मांडामांड. माझ्या दारात कुणी क्लिपांची टोपली मांडली तर मीही भांडते. पण ती टोपली बघायला थांबलेली मुलगी मान वळवून माझ्या लेसकडे बघते, हेही मला दिसतं. दारात नको, दोन हात बाजूला असू दे, एवढंच.

आमचं दुकान टिकलं त्याचं श्रेय मात्र यातल्या कशालाच नाही, ते जुन्या भाड्याला आहे. जेन जेकब्स यांनी १९६१ साली अमेरिकी शहरांवर लिहिलेल्या पुस्तकात म्हटलं आहे की जिवंत वस्तीला जुन्या इमारती लागतातच, कारण नवा किंवा छोटा धंदा नव्या इमारतीचं भाडं पेलू शकत नाही. आमच्याकडे भाडेनियंत्रणाच्या कायद्याने हे आपोआप घडलं. बटणवाला, छत्री दुरुस्त करणारा, वह्या बांधणारा, सगळे पागडीच्या गाळ्यांत तगले. दुसरी बाजू अशी की एवढ्याशा भाड्यात मालक कौलं शाकारत नाही, वाडा पावसाळ्यागणिक खचतो. मालकाला दोष देऊन उपयोग नाही. वाडे पडणार आणि नवं बांधकाम होणार, हे ठरलेलंच आहे.

काळजी त्या नव्या बांधकामाच्या तळमजल्याची आहे. जुन्या वाड्यात खाली दुकान आणि वर बिऱ्हाड असे. दुकानदाराचं लक्ष रस्त्यावर, खिडकीतल्या आजीचं दुकानावर. आता पार्किंगच्या नियमापायी रस्त्याच्या कडेलाच खांब उभे करून गाड्या लावतात आणि वर फ्लॅट. गल्लीत अशा तीन इमारती सलग झाल्या की तिथे दार उरत नाही, दिवा उरत नाही, संध्याकाळी बायका पलीकडच्या बोळाने वळून जातात. वरचे फ्लॅटही बऱ्याच ठिकाणी गोदाम म्हणून भाड्याने जातात. गर्दी दिवसा तेवढीच दिसते म्हणून हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

आमच्या वाड्याचाही करार होऊ घातलाय. बिल्डरने नकाशा आणला, त्यात माझं दुकान मागच्या बाजूला, जिन्याखाली, आणि पुढे सात गाड्या. मी म्हटलं, “गाड्या मागे घ्या, आम्हाला पुढे ठेवा. गाडीला रस्ता बघायची हौस नसते.” तो म्हणाला, “काकू, मागे रॅम्प बसत नाही.” वास्तुशास्त्राच्या त्या मुलींना मी नकाशा दाखवला. दोन फूट जिना सरकवला तर बसतो, असं त्या म्हणतात. पुढच्या बैठकीला त्यांनाही घेऊन जाणार आहे.