पाण्याची चिठ्ठी आणि खताची चिठ्ठी

रावेर-यावल पट्ट्यातील केळीला पाणी किती द्यावे आणि खत किती द्यावे, ही दोन्ही उत्तरे एकाच प्रयोगातून शोधायची झाल्यास एक अडचण येते. ठिबकच्या एका व्हॉल्व्हवरील सर्व नळ्यांना पाणी सारख्याच वेळापत्रकाने जाते, तर खत मात्र बुंध्याशी हाताने कमीजास्त देता येते. त्यामुळे प्रत्येक लहान तुकड्यासाठी पाणी व खत यांची जोडी चिठ्ठी टाकून ठरवणे, म्हणजे पूर्ण यादृच्छिकीकरण, येथे व्यवहार्य नसते. मग आधी मोठ्या भूखंडांत पाण्याच्या चिठ्ठ्या टाकतात आणि नंतर प्रत्येक भूखंडाच्या पोटातील उपभूखंडांत खताच्या. धुळ्याकडील कोरडवाहू शेतात खोल व उथळ नांगरणीची तुलना करतानाही, ट्रॅक्टरला वळायला जागा लागत असल्याने, हीच पद्धत सोयीची ठरते. तिला विभाजित भूखंड रचना म्हणतात. इंग्लंडमधील रोथॅमस्टेड कृषी संशोधन केंद्रात संख्याशास्त्रज्ञ फिशर आणि येट्स यांनी तिचे गणित मांडले, आणि पानसे व सुखात्मे यांच्या १९५४ सालच्या ग्रंथाने कृषी संख्याशास्त्राच्या अशा पद्धती भारतीय संशोधकांच्या हाती दिल्या.

खरी कसोटी विश्लेषणात लागते. समजा, पाण्याच्या ३ पातळ्या, खताच्या ४ मात्रा आणि प्रयोगाच्या ४ पुनरावृत्ती आहेत. उपभूखंड ४८ होतात, परंतु पाण्याची चिठ्ठी केवळ १२ भूखंडांवर पडलेली असते. मोठ्या भूखंडांत जमिनीची खोली आणि कस यांमुळे मुळातच जो फरक असतो, तो मोजायला ६ स्वतंत्र तुलना मिळतात, तर उपभूखंडांतील फरकासाठी २७. पाण्याचा परिणाम पहिल्या फरकाशी ताडून पाहावा लागतो, खताचा दुसऱ्याशी. दोन्ही एकत्र करून ३३ धरल्यास, पाण्याचा परिणाम खरा मानण्यासाठी ५ टक्के पातळीवर लागणारे परिणाम व फरक यांचे गुणोत्तर ५.१४ वरून सुमारे ३.२८ वर घसरते. शिवाय उपभूखंडांतील फरक सहसा लहान असल्याने भाजकही घटतो, आणि जमिनीच्या कसाचे श्रेय पाण्याला मिळण्याचा धोका वाढतो. ही चूक क्षुल्लक नाही, कारण तिच्यावर बेतलेल्या शिफारशीचा खर्च अखेर शेतकऱ्याच्या माथी पडतो. उलट खताचा, तसेच पाणी व खत यांच्या परस्परक्रियेचा अंदाज या रचनेत सहसा अधिक अचूक मिळतो, हा तिचा मोठा लाभ होय.

म्हणून अशा प्रयोगाचा अहवाल वाचताना कृषी अधिकाऱ्यांनी आणि जाणत्या बागायतदारांनी एकूण तुकडे किती होते, एवढ्यावर न थांबता पाण्याची चिठ्ठी किती भूखंडांवर टाकली होती, हे आवर्जून विचारावे.