नाणं दुहेरी दिसतंय? दोष ठशातला की ठोक्यातला, ते आधी बघा

नांदेड-लातूरकडच्या अनेक जुन्या घरांत निजामाच्या काळातली चार-दोन नाणी आजही निघतात. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपला हा भाग हैदराबाद संस्थानात होता. इथला रुपया म्हणजे हाली शिक्का आणि इंग्रजांचा तो कलदार. सात हालीला सहा कलदार, असा साधारण हिशेब होता. आता असं एखादं नाणं भिंगाखाली धरलं आणि त्यावरची अक्षरं दुहेरी दिसली, की मोबाईलवरून फोटो जातो आणि समोरून उत्तर येतं, "दुर्मिळ आहे, लाखात जाईल." त्यात तथ्य आहे का, हे घरच्या घरी कसं ताडायचं ते आज आपण पाहू.

आधी नाणं कसं घडतं ते समजून घेऊ. धातूची कोरी चकती दोन ठशांमध्ये ठेवतात आणि यंत्र दाब देतं. एका ठशातून हजारो नाणी निघतात. म्हणून आपला पहिला प्रश्न असा, की हा फरक ठशात होता की ठोक्याच्या वेळी पडला? फरक ठशात असेल तर त्या ठशाच्या प्रत्येक नाण्यावर तो तसाच्या तसा उमटतो. त्यालाच खरा प्रकार म्हणायचं. ठोक्यात असेल तर तो त्या नाण्यापुरताच.

खऱ्या प्रकाराचं आपल्या घरातलंच उदाहरण घ्या. महबूब अली खान यांच्या चारमिनार छापाच्या नाण्यांवर मधल्या कमानीत 'मीम' हे अक्षर आहे. १९११ साली मीर उस्मान अली खान गादीवर आले आणि तिथे उस्मान नावाचं पहिलं अक्षर 'ऐन' आलं. सुरुवातीच्या काही नाण्यांवर हे ऐन आखूड आहे, नंतर शेपटीसकट पूर्ण. हा बदल ठसा कोरणाऱ्यानं केला, म्हणून संग्राहक हे दोन प्रकार वेगळे मोजतात. यात दुहेरी काहीच नाही, हे लक्षात घ्या.

आता दुहेरीकडे येऊ. ठसा तयार करताना मूळ नक्षी त्यावर एकापेक्षा जास्त वेळा दाबावी लागायची. दुसऱ्या वेळी ती किंचित सरकली, तर ठसाच दुहेरी होतो. अमेरिकेचा १९५५ सालचा एक सेंट याच कारणानं गाजला. त्यावरची साल नुसत्या डोळ्यांनाही दुहेरी दिसते. मात्र असे ठसे फार थोडे.

आपल्याला बहुतेक वेळा दिसतं ते वेगळंच असतं. ठसा यंत्रात सैल बसला, तर ठोका पडल्यावर तो हलतो आणि उमटलेलं अक्षर एका बाजूला घासतो. याला यांत्रिक दुहेरीपणा म्हणतात. झिजलेल्या ठशामुळेही अक्षराभोवती धूसर सावली येते. आणि हातोड्यानं ठोकलेल्या जुन्या नाण्यांवर चकती दोन घावांमध्ये सरकली, की नक्षी दोनदा उमटते. यांपैकी कशालाही वेगळा प्रकार म्हणत नाहीत, आणि घासलेल्या अक्षराचे किंवा सावलीचे कुणी जादा पैसेही देत नाही.

ओळखायचं कसं? दहापट भिंग घ्या आणि उजेड तिरपा पाडा.

१. दुसरी आकृती पहिलीसारखीच गोलसर आणि उठावदार आहे का? तिच्या कोपऱ्यांत खाच दिसते का? तर ठसा दुहेरी असू शकतो.
२. दुसरी आकृती सपाट, चकचकीत, पायरीसारखी खाली बसलेली आहे का? तर ते घासणं आहे.
३. रेघेची जाडी बघा. ठसा दुहेरी असेल तर अक्षर रुंद होतं. घासलं असेल तर मूळ अक्षर उलट बारीक होतं.
४. त्याच सालचं, अगदी तसंच दुहेरी असलेलं दुसरं नाणं सापडतं का? हा पुरावा सगळ्यात पक्का.

आणि हो, चिंच किंवा राख लावून नाणं घासू नका. जो पृष्ठभाग आपल्याला वाचायचा आहे, तोच त्यात जातो.

हे एवढं सविस्तर का सांगतोय? कारण खरं नुकसान पुढे होतं. "तुमचं नाणं विकून देतो, आधी कमिशन भरा, कर भरा," असे फोन येतात. ४ ऑगस्ट २०२१ रोजी रिझर्व्ह बँकेनं याबद्दल जाहीर सावध केलं होतं. जुनी नाणी-नोटा खरेदी-विक्रीच्या अशा व्यवहारांत बँक पडत नाही, कुणाकडून शुल्कही मागत नाही. नाणं विकणाऱ्यानंच आधी पैसे भरायचे, हा उलटा व्यवहार कुठल्या बाजारात असतो, सांगा बरं?

तेव्हा आजोबांचा हाली रुपया जरूर जपा. त्यात चांदी आहे, आपल्या मुलखाचा इतिहास आहे. फक्त दुहेरी अक्षर दिसलं म्हणून कुणाला एक रुपयाही पाठवण्याआधी भिंग काढा आणि हे चार प्रश्न विचारा.