परत आलेला गडी

घरात कोणी रुसून बसले की म्हाताऱ्या माणसाला मध्यस्थीला बसावे लागते, हा नियम डोंबिवलीत जितका खरा तितकाच सिडनीत. २०२३ च्या ऑगस्टात मी लेकीकडे पेनरिथला होतो. पेनरिथ म्हणजे सिडनीचे अगदी पश्चिमेकडचे टोक. जवळून नेपियन नदी वाहते आणि तिच्या पलीकडे निळ्या डोंगरांची रांग. रुसलेला इसम म्हणजे माझा अकरा वर्षांचा नातू. त्याचे खरे नाव भारदस्त आहे. मी आपला बंड्याच म्हणतो. शनिवारची दुपार होती, पुढ्यातली आमटी निवत चालली होती आणि बंड्याची मान काही वर होत नव्हती.

प्रकरण असे होते. बंड्या तिथल्या मुलांच्या संघात रग्बी लीग खेळे. संघातला सात नंबरचा मुलगा मनगट मोडून घरी बसला म्हणून बंड्याला त्याच्या जागी घेतले. बंड्या चार सामने खेळला आणि चारही सामने संघाने जिंकले. त्या शनिवारी तो मनगटवाला मुलगा परत आला आणि शिक्षकांनी बंड्याला बाकावर बसवले.

"आजोबा, आम्ही हरलो असतो तर गोष्ट वेगळी. पण आम्ही जिंकत होतो ना? मग मला का काढलं?"

मला उत्तर सुचेना. खरे सांगायचे तर हाच प्रश्न मी स्वतः १९८६ साली विचारला होता. फक्त मोठ्याने विचारण्याची हिंमत झाली नव्हती. आमच्या कचेरीतले अधीक्षक आजारी पडले आणि त्यांच्या रजेच्या जागेवर मला बसवण्यात आले. सहा महिने मी ती खुर्ची सांभाळली. तुंबलेल्या फायली हलवल्या, जावक बारनिशीची नवी पद्धत घातली, कपाटे लावली. मग एके सोमवारी साहेब काठी टेकत आले. मी किल्ल्यांचा जुडगा त्यांच्या हाती दिला आणि आपल्या जुन्या टेबलाशी जाऊन बसलो. आठवडाभर सौभाग्यवतीशी नीट बोललो नाही म्हणतात. माझे दुःख मला पुरेपूर आठवते. पण साहेब त्या दिवशी कपाटासमोर किती वेळ नुसते उभे होते, हे मला पुष्कळ वर्षांनी आठवले. एकही फाइल त्यांना जागच्या जागी सापडत नव्हती.

हा खेळ मला बंड्यानेच शिकवला. रग्बी म्हणताच आपल्याकडे एकच खेळ डोळ्यांसमोर येतो. पण तिकडे दोन भावकीतले खेळ आहेत. युनियनमध्ये एका बाजूला पंधरा गडी, लीगमध्ये तेरा. अंड्याच्या आकाराचा चेंडू हाती घेऊन पळायचे. हाताने द्यायचा तर मागेच द्यायचा, पुढे नाही. प्रतिपक्ष तुम्हाला धरून पाडणार. पडलात की उठायचे, चेंडू जमिनीवर टेकवून पायाने मागे सारायचा आणि पुन्हा धावा. असे सहा वेळा पाडले की चेंडू दुसऱ्याचा. रेषेपलीकडे जाऊन चेंडू टेकवला तर त्याला ट्राय म्हणतात. त्याचे चार गुण, आणि मग खांबांमधून लाथ बरोबर बसली तर आणखी दोन. ऐंशी मिनिटे हा उद्योग चालतो. आपला हुतूतू ज्याने मैदानात उतरून खेळला आहे त्याला ही धरपकड परकी वाटणार नाही. फरक एवढाच की हुतूतूत बाद झालेला गडी जिवंत होऊन आत येतो तो जसा गेला तसाच, अंगावरची माती झटकत. इथला गडी तसा येत नाही.

या खेळात सहा आणि सात नंबरचे दोन गडी म्हणजे संघाचा मेंदू. चेंडू कोणाकडे जायचा, कोणी केव्हा धावायचे, लाथ कुठे मारायची, हे ते ओरडून सांगतात. पुढचे धिप्पाड गडी दुखावले तर त्यांच्या जागी दुसरा धिप्पाड गडी उभा करता येतो. मेंदू बदलायचा म्हणजे सगळ्या घराची रीत बदलायची.

आणि गंमत पाहा, ऑस्ट्रेलियात हा खेळ सुरू होण्याच्या मुळाशीही एका जायबंदी खेळाडूचाच खांदा आहे. इंग्लंडात १८९५ साली हडर्सफील्डच्या एका हॉटेलात उत्तरेकडच्या क्लबांनी फारकत घेतली, तीही खेळापायी गिरणी-खाणीतल्या कामगारांची मजुरी बुडे तिची भरपाई द्यावी की नाही यावरून. सिडनीत १९०७ साली अ‍ॅलेक्स बर्डन नावाच्या खेळाडूचा खांदा दुखावला; काम बुडाले, पैसे कोणी देईना. त्यावरून असंतोष पेटला असे तिथला इतिहास सांगतो. या असंतुष्टांच्या बैठका भरत कुठे, तर मार्केट स्ट्रीटवरच्या खेळसाहित्याच्या एका दुकानात, आणि त्या दुकानाचा मालक कोण, तर व्हिक्टर ट्रंपर! होय, तोच थोर क्रिकेटपटू. नव्या संघटनेचा पहिला खजिनदारही तोच झाला. हे कळल्यावर त्या धटिंगणांच्या खेळाकडे पाहण्याची माझी दृष्टी एकदम मवाळ झाली, हे कबूल केले पाहिजे.

योगायोग असा की बंड्याला बाकावर बसवले त्याच महिन्यात पेनरिथच्या मोठ्या संघावरही तोच प्रसंग आला. पेनरिथ पँथर्स २०२१ आणि २०२२ सालचे विजेते. त्यांचा सात नंबर नेथन क्लिअरी, आणि प्रशिक्षक त्याचे वडील आयव्हन क्लिअरी. सहा नंबर जरोम लुआय, सामोआ वंशाचा, हसरा आणि खोडकर गडी. त्या ऑगस्टात एका सामन्यात लुआयचा खांदा निखळला. त्याच्या जागी जॅक कॉगर आला. कॉगर कोणी नामवंत नव्हता. इकडून तिकडे क्लब बदलत आलेला, मुकाट्याने काम करणारा गडी. त्याला घेऊन पेनरिथने बाद फेरीतला पहिला सामना ३२–६ असा जिंकला. गाडी सुरळीत चालली होती. आणि आता लुआय म्हणू लागला, मी येतो.

डॉक्टरांच्या कागदावर जे असते त्याने हा प्रश्न सुटत नाही. खांदा बसवता येतो, भोवतीचे स्नायू बळकट करता येतात, पट्ट्या घट्ट आवळता येतात. आधी भरल्या पोत्याला भिडायचे, मग सावकाश माणसाला, मग जोराने. हे सगळे झाले तरी प्रतिपक्षाला ठाऊक असते की अमक्या जागेवरचा गडी दुखरा आहे. त्यांचे सगळ्यांत जडजूड गडी नेमके त्याच्याच अंगावर सोडले जातात. मग त्याच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजूचे दोघे अर्धे पाऊल त्याच्याकडे सरकून उभे राहतात. ते अर्धे पाऊल कोठून तरी कमी होतेच. एका माणसाचा खांदा सांभाळायचा तर तेरा जणांची रांग हलते. शिवाय मधल्या काळात कॉगरच्या हाकेवर धावायची सवय लागलेली असते. जुना गडी जुन्याच वेळेला चेंडू देतो, आणि घेणारा एक क्षण उशिरा पोहोचतो. आमच्या साहेबांचे कपाट, दुसरे काय!

आयव्हन क्लिअरींनी लुआयला घेतले. उपांत्य सामन्यात पेनरिथने मेलबर्न स्टॉर्मचा ३८–४ असा धुव्वा उडवला. अंतिम सामना १ ऑक्टोबरला, ब्रिस्बेन ब्रॉंकोजशी. लुआय सहा नंबरवर, आणि कॉगर बाकावर.

"बघा आजोबा, त्यालाही बसवलं," बंड्या म्हणाला. त्याच्या आवाजात दुःखापेक्षा समाधानच जास्त होते. समदुःखी भेटल्याचे समाधान!

त्या रात्री जावईबापूंच्या दिवाणखान्यात शेजारपाजार जमला होता. दुसऱ्या डावात ब्रिस्बेनच्या एझ्रा मॅमने पाठोपाठ तीन ट्राय केले आणि फलक २४–८ असा दिसू लागला. सोळा गुणांची तूट, आणि घड्याळ पुढे चाललेले. लेकीने जेवणाची पाने घेते म्हणून उठायची तयारी केली. तेवढ्यात लुआय मैदानाबाहेर गेला आणि बाकावरचा कॉगर आत आला. बंड्या कोचावरून उठून थेट दूरदर्शनसंचाच्या पुढ्यात जाऊन बसला. त्याच्या डोक्यामुळे मला अर्धा सामना दिसला नाही.

पुढचे सगळे श्रेय नेथन क्लिअरीला दिले जाते आणि ते योग्यच आहे. त्याने खेळ एकहाती ओढून काढला; लेओटाचा ट्राय, मग क्रायटनचा, आणि शेवटची चारेक मिनिटे उरली असता स्वतः नेथनच बचाव फोडून रेषेपलीकडे गेला. २६–२४! ऐंशी हजारांवर प्रेक्षक होते त्या मैदानात. त्यांचा आवाज आमच्या दिवाणखान्यात मावेना. पण मी पाहत होतो कॉगरकडे. नेथन जिकडे असेल त्याच्या दुसऱ्या बाजूला तो उभा राहत होता, मधे कडमडत नव्हता, चुकत नव्हता. ज्याला आठवड्यापूर्वी "बस" म्हटले त्याला "ऊठ" म्हटल्यावर असे खेळता येणे, हे मला त्या धावत जाऊन केलेल्या ट्रायइतकेच अवघड वाटते. १९८६ साली मला कोणी पुन्हा ती किल्ली दिली असती तर मी आधी चार टोमणे मारले असते.

दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या वेळी मी बंड्याला आमच्या डोंबिवलीत वाढलेल्या अजिंक्य रहाणेची गोष्ट सांगितली. डिसेंबर २०१६ मध्ये त्याचे बोट दुखावले, आणि चेन्नईच्या कसोटीत करुण नायरने नाबाद ३०३ धावा केल्या. लगेच पुढची कसोटी फेब्रुवारी २०१७ मध्ये हैदराबादला, बांगलादेशाशी. रहाणे परत आला आणि त्रिशतकवाला नायर बाहेर बसला! एका सामन्याने दोन वर्षांची मेहनत पुसली जात नाही, असा कर्णधार कोहलीचा युक्तिवाद होता. रहाणेने ८२ धावा केल्या. पुढच्याच महिन्यात धरमशाळेला खुद्द कोहलीच खांदा दुखावून बाहेर बसला आणि रहाणेने संघाचे नेतृत्व करून मालिका जिंकून दिली. निर्णय बरोबर ठरला म्हणायचा. पण नायरला त्या मालिकेत संधी मिळाली तेव्हा धावा झाल्या नाहीत, आणि पुढच्या कसोटीसाठी त्याला २०२५ सालापर्यंत थांबावे लागले. डोंबिवलीकर म्हणून मी रहाणेच्या बाजूचा. तरी नायरचे नाव निघाले की मला अजूनही अपराधी वाटते.

जावईबापूंचे मत वेगळे. त्यांच्या मते अव्वल गडी एका हाताने खेळला तरी हवाच. ते दाखला देतात कूपर क्रॉंकचा. २०१८ च्या अंतिम सामन्याआधी सिडनी रूस्टर्सच्या या सात नंबरचा डावा खांदा कामातून गेला. तरी तो उतरला. चेंडूला क्वचितच हात लावी. नुसता उभा राहून इतरांना जागा दाखवी, आणि खेळाची धुरा सहा नंबरच्या ल्यूक किअरीने वाहिली. रूस्टर्स २१–६ असे जिंकले. खांद्याच्या फऱ्याचे हाड सुमारे पंधरा सेंटिमीटर मोडले होते, हे लोकांना सामन्यानंतर कळले. त्याही आधी, १९५८ साली, ब्रिस्बेनच्या कसोटीत ग्रेट ब्रिटनचा कप्तान अ‍ॅलन प्रेस्कॉट सुरुवातीच्या चार-पाच मिनिटांतच हात मोडून घेऊन अखेरपर्यंत खेळला होता. त्या काळी बदली गडीच मिळत नसे. ब्रिटनने सामना २५–१८ असा जिंकला. मी या शूरांना नमस्कार करतो. पण बंड्यासमोर या गोष्टी रंगवून सांगू नका, असे जावईबापूंना स्पष्ट बजावले आहे. प्रेस्कॉटला पर्याय नव्हता. अकरा वर्षांच्या पोराला असतो.

मी परतलो त्यानंतर २०२४ साली पारडे फिरले. कॉगर न्यूकॅसलला गेला होता. नेथन क्लिअरी आधी मांडीमागच्या स्नायूने आणि मग ऑगस्टात खांद्याने जायबंदी झाला. मोसमातले निम्म्याहून अधिक सामने तो मुकला. त्यातला बराचसा काळ सात नंबर घालून संघ कोणी चालवला? लुआयने! आणि सप्टेंबरात नेथन दुखरा खांदा घेऊन परतला तेव्हा लुआय मुकाट्याने पुन्हा सहा नंबरवर सरकला. ते त्याचे पेनरिथमधले शेवटचे वर्ष होते. प्रशिक्षकपदी बसलेल्या बापाने पोटच्या पोराला मोडक्या खांद्यानिशी उतरवताना काय विचार केला असेल, हे मला राहून राहून वाटते. अंतिम सामना पेनरिथने १४–६ असा जिंकला आणि नेथनची शस्त्रक्रिया त्यानंतर झाली.

त्या निकालाची खबर द्यायला बंड्याचा फोन आला. ओरडून ओरडून त्याचा घसा बसला होता. सगळे वर्णन ऐकून झाल्यावर मी हळूच विचारले, "आणि तुझं काय रे? या वर्षी बाकावरच का?"

"नाही आजोबा, मी आता सहा नंबर. सात तोच."

"त्याचं मनगट बरं झालं?"

"झालंय. पण थंडीत दुखतं म्हणतो," बंड्या म्हणाला. "मग त्या बाजूनं कोणी मोठा आला तर मीच आधी धरतो."